जे पत्र मी दिलं नाही

निवृत्त पोलिसाला लोक सत्काराला बोलावतात आणि खुनाच्या, दरोड्याच्या केसेस सांगायला लावतात. मीही सांगतो. टाळ्या पडतात, नारळ-शाल मिळते. पण संध्याकाळी एकटा फिरायला निघालो की त्यातली एकही केस माझ्या सोबत येत नाही. सोबत येते ती एका शिंप्याच्या घरातली केस. तिच्यात ना कुणाचं डोकं फुटलं होतं, ना कुठलं कुलूप तुटलं होतं. ती मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यात सगळ्यांत वाईट वागलेला माणूस मीच आहे.

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून मी बरीच वर्षं काढली. ठाणं कोणतं ते लिहीत नाही, माणसांची नावंही लिहीत नाही. आमचे रोजचे गुन्हे ठरलेले. बांधावरून मारामारी, नदीवरची पाण्याची मोटार चोरीला जाणे, पानशेतला रविवारी आलेल्या मंडळींची जेवणाच्या बिलावरून हाणामारी, राजगडावर वाट चुकलेली पोरं शोधायला पायथ्याच्या पाली गावातल्या लोकांना घेऊन वर चढणे. ठाण्यात नुकताच एक संगणक आला होता. त्याच्यावर प्लॅस्टिकचं झाकण असायचं आणि ते काढायचं धाडस कुणी करत नसे. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं धरा.

एके दिवशी टपालात निनावी अर्ज आला. हायवेच्या फाट्यावरच्या वस्तीतल्या एका मुसलमान शिंप्याच्या घरी परदेशातून पाकिटं येतात, पौंडांचे चेक येतात, घरचा फोन दिवसभर एंगेज असतो, मुलगी दार लोटून संगणकापुढे बसते, तरी चौकशी व्हावी, असा मजकूर होता.

निनावी अर्जांना मी फारशी किंमत देत नसे. दारू, जुगार, भावकी, रोज एक तरी यायचाच. त्या माणसाचं आडनाव दुसरं असतं तर मी एखादा हवालदार साध्या कपड्यांत पाठवून गुपचूप माहिती काढली असती. इथे मी जीप काढली, दोन शिपाई घेतले, दोन पंच घेतले आणि भर दुपारी त्यांच्या दारात उभा राहिलो. हा फरक मी का केला हे मला तेव्हाही कळत होतं.

पंचांबद्दल सांगायला हवं. झडतीला दोन प्रतिष्ठित नागरिक साक्षीदार लागतात. एक मी नेहमीचे म्हातारे दुकानदार घेतले. दुसरा मुद्दाम संगणकातलं कळणारा घेतला. फाट्यावर त्याचं झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान होतं, त्यातच त्याने दोन संगणक टाकून तासावर नेट सुरू केलं होतं. माझ्या या निवडीचं मलाच कौतुक वाटलं होतं.

घर दोन खोल्यांचं. पुढे शिलाई मशीन, मागे संगणक. मुलगी चोवीस-पंचवीसची, पुण्याला कोर्स करून आलेली. तिचा बाप मशीनवरून उठून हात जोडून उभा राहिला.

"साहेब, आमी काय केलंय? पोरगी घरात बसून वेबसाइट बनवती. लोकांच्या दुकानाच्या."

"कुठल्या लोकांच्या?"

मुलगीच बोलली. "इंग्लंडमधल्या एका दुकानाच्या, साहेब. कुत्र्यांचं सामान विकतात ते. पट्टे, साखळ्या, खाणं. त्यांचं दुकान नेटवर दिसतं ते मी बनवलंय. दर महिन्याला नवीन माल आला की फोटो आणि किमती बदलायच्या, हे माझं काम."

परदेशात बसलेला माणूस कुत्र्याच्या पट्ट्यांसाठी फाट्यावरच्या पोरीला पैसे पाठवतो, हे मला पटेना. म्हटलं, "मेल उघड. सगळं दाखव."

ती खुर्चीवर बसली आणि पासवर्ड टाकायला लागली. मी म्हणालो, "थांब. काय टाकतेस ते मोठ्याने सांग. पंचांना कळलं पाहिजे."

"साहेब, तो सांगायचा नसतो. मी टाकते ना, तुमी बघा पाहिजे तेवढं."

"सांगायचा नसतो म्हणजे? लपवण्यासारखं काय आहे?"

तिने बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, "सांग गं. साहेब हायेत."

तिने सांगितला. आमच्या खात्यात जे दिसलं, जे ऐकलं, ते पंचनाम्यात लिहायचं अशी शिस्त. त्या शिस्तीचा मला अभिमान होता. लेखनिक हवालदाराला मी पासवर्ड लिहायला लावला, त्यापुढे मेलचा पत्ता, त्यापुढे त्या दुकानाचं नाव. "कुत्र्यांची रंगीत चित्रे, एकूण चौदा" हेही लिहिलं. हवालदाराला इंग्रजी अक्षरांची धास्ती, म्हणून अक्षरं बरोबर उतरली का ते बघायला कागद मी त्या नेटवाल्या पंचाच्याच हातात दिला. मग नियमाप्रमाणे सगळा पंचनामा मोठ्याने वाचून दाखवला. दारात अर्धी वस्ती उभी होती. पंचांनी सह्या केल्या.

आक्षेपार्ह काहीच निघालं नाही. बँकेत विचारलं, चेक सरळमार्गी होते, वटायला महिना-सव्वा महिना घेत होते एवढंच. अर्ज दप्तरी दाखल झाला. परत जाऊन त्या बापाला "आमची चूक झाली" असं सांगावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मशीनवर बसलेल्या माणसाला साहेबाने जाऊन काय सांगायचं?

साधारण महिन्याने मुलगी स्वतः ठाण्यात आली. बरोबर बाप. ठाणे अंमलदाराने त्यांना तासभर बसवून ठेवलं, मग माझ्याकडे पाठवलं. तिचा मेल उघडत नव्हता. पासवर्ड कुणीतरी बदलला होता. बापाने पैसे खर्चून तिला इंग्लंडला फोन लावून दिला तेव्हा तिथला दुकानदार म्हणाला, तूच तर पत्र पाठवलंस की, माझं लग्न ठरलं, सासरी हे काम चालणार नाही, यापुढचं काम पुण्यातल्या अमुक गृहस्थांना द्या. ते नाव घरात कुणाच्या ओळखीचं नव्हतं.

"लग्नबिग्न काय न्हाई ठरलेलं, साहेब," बाप म्हणाला. "आन ठरलं असतं तरी पोरगीनं काम सोडलं नसतं. तिच्या पैशावर घरावर पत्रा पडलाय."

मी नेहमीचा प्रश्न टाकला. "पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"मी कुणाला सांगितला न्हाई."

"घरात?"

"घरात पण न्हाई."

"मग आभाळातून पडला का?"

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी कितीतरी संशयितांच्या नजरा वाचल्या आहेत, निदान तसं मी समजत होतो. ही नजर मी अशी वाचली की पोरगी काहीतरी लपवतेय. मग मी तिला काय काय विचारलं ते लिहिताना लाज वाटते. कुणाशी ओळख आहे का, कुणाला पत्रं लिहितेस का, भांडण झालं का. बापासमोर विचारलं. ती "न्हाई" एवढंच म्हणत राहिली. उत्तर तिला माहीत होतं. पण ते माझ्या तोंडावर सांगायचं कसं, हा तिचा प्रश्न होता.

तिचा भाऊ टेम्पो चालवायचा. घरातलाच कुणी असणार, या अनुभवाच्या जोरावर मी त्याला उचलून आणला. सकाळपासून बाकावर बसवला, दोन कानाखाली ठेवून दिल्या. "म्या तिच्या कम्प्युटरला हात बी लावत न्हाई, साहेब," असं तो पुन्हापुन्हा सांगत होता. संध्याकाळी त्याचा बाप डबा घेऊन आला आणि पायरीवर बसून राहिला.

शेवटी मी हवालदाराला म्हटलं, "त्या घराचं मागचं दप्तर काढा. मेलचा जुना पत्ता त्यात असेल." त्याने पंचनामा काढला आणि वाचायला लागला. "सदर महिलेने सदर संगणकावरील टपाल उघडण्याकामी आम्हां पंचांसमक्ष खालीलप्रमाणे..." एवढं वाचून तो थांबला. त्याने कागद खाली ठेवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

तपासात धागा हाती लागला की अंगात वीज खेळते. त्या दिवशी तो धागा माझ्याच पंचनाम्यातून निघाला होता. मी आधी भावाला घरी पाठवलं. मग नेटवाल्याला बोलावलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"व्हय साहेब, म्याच उघडला," तो म्हणाला. "आठ दिवस नुसता वाचत व्हतो. काम बरं वाटलं. पुण्यात माझा एक दोस्त करून देतो म्हणाला. पण ह्यात चोरी कसली? पासवर्ड तुमीच वाचून दाखवला की सगळ्यांम्होरं. कागद तुमीच माझ्या हातात दिला."

त्याला फटका द्यायला उचललेला हात मी खाली घेतला.

गुन्हा सरळ होता. दाखल करायला हवा होता. पण संगणकाचा नवा कायदा लावायचा तर तेव्हा तपास उपअधीक्षक साहेबांकडे जायचा, आणि त्याबरोबर सगळे कागद. पहिला कागद माझा पंचनामा. वर बढतीची यादी लागायची होती. मी दोन कप चहा प्यायलो आणि प्रकरण आपसात मिटवायचं ठरवलं. नेटवाल्याने नवा पासवर्ड परत दिला, मला माफीनामा लिहून दिला, कान धरले. मुलीसाठी मी जबाब तयार करून घेतला: "माझी कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही."

जबाबावर सही करण्याआधी तिने एकच गोष्ट मागितली.

"साहेब, दुकानदाराला मी दुसऱ्या पत्त्यावरून लिहिलं. ते म्हणतात, एकाच नावाने दोघं लिहितायत, खरं कोण आमी कसं ओळखायचं? पोलिसांचं पत्र पाठवा, काम परत तुमचं. पंधरा दिवस थांबतो म्हणालेत. मला दोनच ओळी द्या. ठाण्याच्या कागदावर, शिक्का मारून. ते पत्र मी लिहिलेलं नव्हतं, एवढंच. इंग्रजी मी करून घेते."

मला ते पत्र लिहायला किती वेळ लागला असता? शिक्का टेबलावरच होता. पण दोन ओळी लिहिल्या की आवक-जावक रजिस्टरला नोंद पडणार, नोंद पडली की गुन्हा का नोंदवला नाही हा प्रश्न येणार. मी म्हणालो, "बघू. वरून परवानगी घ्यावी लागते." कसलीही परवानगी लागत नव्हती. तिलाही ते कळलं असावं.

मी जबाब हवालदाराकडे दिला. सवयीने म्हणालो, "वाचून दाखवा यांना."

"नको साहेब," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "वाचून दाखवू नका. माझं मी वाचते."

तिने कागद ओढून घेतला, खालपर्यंत वाचला, सही केली. जाताना बापाने मला नमस्कार केला. तिने केला नाही.

पंधरा दिवसांत बाप तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा मी बंदोबस्तात होतो, ते खरं होतं. नंतरच्या दोन वेळा मी आतल्या खोलीत होतो आणि "साहेब बाहेर गेलेत" असं सांगायला लावलं. मग तो यायचा थांबला. काम गेलं. पुढे कळलं की संगणक विकून तिने बापाच्या शेजारी दुसरी शिलाई मशीन घेतली. माझी बढती झाली.

ही केस मला काय शिकवून गेली, असं विचारलं तर पंचनाम्यात काय लिहू नये हे मी पुढे नव्या पोरांना शिकवलं. पण ते शिकवताना कुणाचं उदाहरण देतोय, हे कधी सांगितलं नाही. संशयिताने गुन्हा कबूल करावा म्हणून मी आयुष्यभर दरडावलं. स्वतःची चूक एका कागदावर कबूल करायची पाळी आली तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसलो.

मागच्या वर्षी पेन्शनच्या कामाला बँकेत गेलो होतो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, पासवर्ड तुमचा तुम्ही टाका, मला सांगू नका," आणि तिने तोंड दुसरीकडे वळवलं. मला तिथे उभं राहवेना. घरी येऊन कोरा कागद घेतला. शिक्का आता माझ्याकडे नाही आणि या कागदाचा आता कुणाला उपयोग नाही. तरी लिहिलं.

"आपणांस आलेले काम सोडण्याबाबतचे पत्र या मुलीने लिहिलेले नाही. तिचा पासवर्ड तिच्याकडून मागून घेऊन तो चारचौघांत वाचून दाखवणारा अधिकारी मी आहे."

दोनच ओळी झाल्या. तिने तेवढ्याच मागितल्या होत्या.