काकाजीच्या खिशातला फ्यूज

यादोरावकाकाजीवर माझा राग होता, खोटं कशाला सांगू! आमगावच्या आमच्या मोहल्ल्यानं मिळून झाडांच्या फांद्या बारीक करायची मशीन घेतली, बुद्धविहारामागच्या शेडात ठेवली आणि चालवायला दिली काकाजीला. राइस मिलमधून रिटायर झालेला फिटर. झालं, माणूस मालकच होऊन बसला! "अल्का, पदर खोच. बांगड्या काढ. हातानं नाई, बांबूनं ढकल." चारचौघांत असं बोलायचा, जशी मी कालची पोर.

त्यात त्याची ती खोड. मशीनपासून दोन पावलं हलला की बोर्डावरचा फ्यूज काढून खिशात. २००७ च्या उन्हाळ्यात पुतण्याच्या लग्नाला नवेगाव बांध गावी गेला, तोही फ्यूज घेऊनच! तीन दिवस मोहल्ल्याचा पालापाचोळा दारात पडून. मी तणतणत अर्ज लिहिला, मशीन दुसऱ्याकडे द्या म्हणून, आणि पहिली सही माझीच ठोकली. रविवारी बैठक ठरली. काकाजीला कळलं तेव्हा एवढंच म्हणाला, "घ्या बापा. पण घरी बसून मी करू काय?" मला काही पाझर फुटला नाही.

शनिवारी विहाराची सफाई होती, बुद्धपौर्णिमा तोंडावर आलेली. कडुनिंबाच्या फांद्या घालता घालता अकराला लाइन गेली. लोडशेडिंग, रोजचंच. जाड फांदी मशीनच्या तोंडातच अडकली. काकाजी खिसा चाचपत जेवायला गेला. लाइन आली का बघायला मी दोनतीनदा बटन खालीवर केलं. मग म्हटलं, लाइनच नाही तर भ्यायचं कायले? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! घातला कोपरापर्यंत हात अन् लागले ओढायला.

तेवढ्यात विहारातला पंखा घरघरला. लाइन आली होती, टायमाच्या आधी! माझा हात पात्यांत आणि बटन मीच चालू ठेवलेलं. अगं आई गं! पण मशीन हललीच नाही.

हात बाहेर काढला, पाचही बोटं चाचपली आणि तिथंच बसून रडले. काकाजी परत आला. मला बघितलं, मशीन बघितली, समजला.

"काऊन वो, हात टाकून राहिली होती?"

"लाइन गेली होती, काकाजी."

"लाइन गेली म्हंजे मशीन मेली काय? झोपून राहते ते." त्यानं खिशातून फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्याला तंबाखूचा वास येत होता.

रविवारी अध्यक्षांनी अर्ज वाचला. "पहिली सही कोणाची?"

मी उजवा हात वर केला. "माझी. याच हातानं केली. अन् हा हात काल काकाजीच्या फ्यूजनं वाचला." सगळी हकीकत सांगितली, अर्ज मागून घेतला आणि टराटरा फाडला.

काकाजीनं नाक शिंकरलं अन् म्हणाला, "मंग आता त्याच हातानं चहा मांड. अन् उद्या येजो तं बांगड्या काढूनच येजो."