नीरेसाठी आणलेलं व्हॅक्यूम

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साल, आणि मी अठ्ठावन्न वर्षांचा. त्या वयात माणसं माडावर चढायचं सोडतात. मी सोडलं नव्हतं, आणि कधी सोडणार असं विचारायची कुणाची छाती नव्हती. मालगुंडच्या बाजूला, समुद्राकडच्या वाडीत माझे आठ माड. शाळेनं मला दुसरीपर्यंत शिकवलं, बापानं माड चढायला शिकवलं. बापाचं शिकवणं जास्त दिवस पुरलं.

माडाला पोय येते, म्हणजे फुलोऱ्याचा मिटलेला कोंब. ती बांधून तिचं टोक रोज पातळ छाटायचं, खाली चुना लावलेलं मडकं अडकवायचं. त्यात रस ठिबकतो. पहाटे उतरवला तर ती नीरा, गोड. ऊन लागलं की तोच रस आंबतो आणि माडी होते. माझा जन्म माडी विकण्यात गेला, त्याची मला लाज नाही. पण लोक ती मागच्या दारी, तोंड लपवून पीत आले. आपल्या माडांचा रस एकदा तरी सकाळच्या उजेडात, रत्नागिरीच्या स्टँडसमोर, बायकापोरांनी उभं राहून प्यावा, हे माझ्या डोक्यात बसलं होतं.

स्टँडसमोर नीरेचं केंद्र निघालं होतं. मी परवान्याचे कागद केले, अंगठा न लावता सही केली, आणि कॅन घेऊन गेलो. केंद्रावरच्या माणसानं रसात आंबटपणा दाखवणारी कागदाची पट्टी बुडवली, मग घोटभर चाखून बघितला.

"काका, ही नीरा नाय. ही माडीची धाकटी बहीण."

रांगेतले लोक हसले. दुसऱ्या खेपेलाही तेच. एसटीला दीड तास लागायचा, कॅन टपावर उन्हात तापायचा. तो म्हणाला, "आणखी एकदा बघतो. तिसऱ्यांदा आंबट निघाली तर तुमच्या जागी दुसरा घ्यावा लागेल."

त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ जहाजावरून सुट्टीला आला. तो खलाशी, जगभर फिरलेला, आणि ते तो कुणाला विसरू द्यायचा नाही. त्यानं एक रंगीत पुस्तिका आणली होती. थंड मुलखात एक झाड असतं म्हणे. लोक त्याच्या खोडाला भोक पाडतात, नळी लावतात, आणि रानभरच्या झाडांचा रस एका यंत्रानं ओढून घेतात. मग आटवून त्याची काकवी करतात.

"त्याला व्हॅक्यूम म्हणतात, दादा. हवा काढून घ्यायची. पोकळी झाली की रस आपसूक ओढला जातो. चढायला नको, मडकं नको."

मी चित्रं बघत बसलो. सात-आठ तऱ्हेची यंत्रं होती, लहान, मोठी, चाकांवरची. इंग्रजी मला येत नाही, पण यंत्र कसं आहे ते माणसाला चेहऱ्यावरून कळतं. मी त्यातलं सगळ्यात लहान निवडलं.

"अरे, ते इथं मिळायचं नाय," भाऊ म्हणाला.

"रत्नागिरीत काय मिळत नाय?" मी म्हटलं.

बायको चुलीपाशी होती. "मिळालं तर एक मलापण आणा," ती म्हणाली. "तुमच्यातली हवा काढायला."

मला यंत्राचा एवढाच गुण कळला होता की त्यात हवा नसते, म्हणजे रस आंबायचा नाही. दुसऱ्या दिवशी मी रत्नागिरीला गेलो. पंपाच्या दुकानात विचारलं, "व्हॅक्यूम आहे काय?" तिथला माणूस म्हणाला, "कशाला हवं?" मी म्हटलं, "माडाला." त्यानं आतल्या माणसाला हाक मारून मला परत तेच बोलायला लावलं. मी तिथून निघालो. पुढं भांड्यांच्या दुकानात शिरलो आणि आवाज चढवूनच म्हटलं, "व्हॅक्यूम द्या."

दुकानदार म्हातारा होता. त्यानं काही विचारलं नाही. मागच्या फळीवरून निळी, रुंद तोंडाची बाटली काढून पुढ्यात ठेवली. थर्मास.

"हे व्हॅक्यूम?"

"मग? आत काचेची दोन भांडी आहेत, एकात एक. मधे काय नाय, हवासुद्धा नाय. गरम घाला, गरम राहील. गार घाला, गार राहील."

मी घेतली. घरी भावानं ती बघितली आणि तो हसत हसत ओटीवर लोळलाच. "दादा, मी पंप सांगितला, तू चहाची बाटली आणलीस!"

"हवा आहे का हिच्यात?" मी विचारलं.

"नाय, पण..."

"मग झालं."

हसणं संपल्यावर त्यानं बाटली उलटीपालटी करून बघितली. म्हणाला, "जहाजावर आम्ही कॉफी भरायच्या आधी हिच्यात गरम पाणी फिरवतो. तू आधी गार करून घे." संध्याकाळी तोच सायकलवरून बंदरावर गेला आणि गोणत्यात बर्फाची लादी घेऊन आला.

"त्याला बांगड्याचा वास मारतोय," बायको म्हणाली.

"बाटली धुऊन घेऊ, वहिनी."

पहाटे मी आठही माडांवर चढलो. सगळ्यांत गोड माडाची नीरा फडक्यातून गाळून बर्फानं गार केलेल्या बाटलीत भरली. एसटीत ती मांडीवर धरून बसलो, कारण काच फुटली तर सगळंच संपलं. शेजारचा म्हणाला, "चहा आहे काय हो?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाय."

केंद्रावरच्या माणसानं पट्टी बुडवली. चाखली. पुन्हा चाखली. मग भांडं भरून शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंच्या पुढं केलं. त्या प्यायल्या, पदरानं ओठ पुसून म्हणाल्या, "आणखी आहे?"

मी तिकडं बघितलं नाही. उगाच डोळ्यांत कचरा गेल्यासारखं झालं होतं.

"काका, घेतलं तुम्हाला," तो म्हणाला. "पण बाटलीभरानं काय होतंय? उद्यापासून दहा लिटर आणा. अशीच गोड."

"आणतो," मी म्हटलं. कसं ते मला ठाऊक नव्हतं. बाटलीत दोन लिटर मावत होते, आणि असल्या पाच बाटल्या घ्यायची माझी ऐपत नव्हती. पण आणतो म्हटलं.

घरी आल्यावर भाऊ पुस्तिका उघडून बसला. बायकोनं जेवायला वाढलं आणि दुकानदार काय म्हणाला ते मला पुन्हा सांगायला लावलं.

"गरम घातलं तर गरम, गार घातलं तर गार?"

"होय गो. कितीदा सांगू?"

"मग आपली आंब्याची आढी काय करते? पेंढा आतली ऊब बाहेर जाऊ देत नाय, म्हणून आंबा पिकतो. गार वस्तू ठेवली तर बाहेरची ऊब आत सोडेल काय?"

भावानं पुस्तिका मिटली. मी भात कालवत राहिलो. तिचं बरोबर होतं. तसं मी तेव्हा बोललो नाही. आता लिहितो आहे, तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माळ्यावरून आंब्याची सगळ्यात मोठी रिकामी पेटी काढली. तळाला पेंढा दाबून घातला, मधे दुधाचा दहा लिटरचा कॅन बसवला, भोवती भावानं रात्री बंदरावरून आणलेला बर्फ भरला आणि कडेनं पुन्हा पेंढा ठासला. बायकोनं कॅनच्या तोंडाला ओलं फडकं बांधलं. मग कोयती कमरेला खोवून मी पहिल्या माडावर चढलो.