स्लॅबवरचं पाणी

साहेबराव मिस्त्रींची नक्कल कुंभार पिंपळगावात कुणालाही जमते. थापी कमरेला टेकवायची, मान वाकडी करायची अन् घरमालकाला दरडावायचं, "स्लॅब टाकला म्हंजे झालं न्हाई. एकवीस दिवस पाणी. एक दिवस चुकला तर मंग मला बोलवू नका." मी तर त्यांच्या तंबाखू थुंकण्याचाही आवाज काढते. ते ऐकून म्हणायचे, "बराबर. थुंकी जरा लांब जाऊ दे फक्त."

तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या डोक्यावर छत घातलं. स्वतःच्या घरी, पत्र्याखाली, त्यांची बायको बेबीनंदामावशी डोक्यावर ओला पंचा घेऊन भाकरी थापायची. यंदा एप्रिलात शेवटी तिच्या घरावर त्यांनी स्लॅब टाकला.

"मिस्त्री, नीट करा," ती खालून म्हणाली, "मालकीण लई खडूस हाये."

"मालकिणीला म्हणावं, चहा आण आधी."

दुसऱ्या दिवशी दोघांनी स्लॅबवर मातीचे बांध घालून वाफे केले, पाण्यानं भरले. रोज सकाळ-संध्याकाळ मावशीच पाइप धरायची.

सहाव्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. साहेबरावांनी तिला जीपमध्ये घालून जालन्याला नेलं. पाण्याच्या मोटारीच्या खोलीची चावी त्यांच्या खिशातच गेली. आमचं घर शेजारीच. आईनं फोन केला, "भाऊ, वाफे कोरडे पडून राह्यले. कुलूप तोडू का?"

"नको, वहिनी. दुसऱ्याच्या हातानं पाणी सारखं पडत न्हाई. सकाळी येतोच मी."

ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. मावशीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"पाणी मारलं का ओ?"

"मारलं. तुडुंब हाये," साहेबराव म्हणाले.

"मंग बरं."

चौथ्या दिवशी तिला गावी आणलं, ते पोचवायलाच. माती देऊन लोक परतले अन् साहेबराव सरळ शिडीवर चढले. बांध तडकले होते. स्लॅब पांढरा पडला होता, अन् ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत केसासारखी भेग. त्यांनी पाइप लावला.

खाली गल्लीतली सोनूबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "बायको जाऊन दिवस न्हाई झाला, अन् ह्याला घराची पडली." सोनूबाईचा आवाज मला हुबेहूब येतो. अजून काढला नाही.

बाविसाव्या दिवशी त्यांचा जोडीदार कल्याण यानं सेंट्रिंग खोललं. खालच्या फळ्या, टेकू, सगळं निघालं. तरी वरून पाण्याचा आवाज येतच होता.

"मिस्त्री, झाले एकवीस. अन् एकदा सुकल्यावर मारून काय उपेग? तुम्हीच सांगता ना सगळ्यांला."

साहेबरावांनी पाइप दुसऱ्या वाफ्यात सरकवला.

"मारलं म्हणून सांगितलंय तिला."

मावशीनं खाली खडूनं स्वयंपाकाच्या ओट्याची जागा आखून ठेवली होती. भेगेतून थेंब नेमके तिथंच पडत होते. कल्याणनं एक घमेलं आणून खाली ठेवलं.