यमूआत्याच्या कमरेचा पट्टा

यमूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या प्रयोगशाळेत एक नमुना तपासत होते. ती राहत होती त्या निवासी केंद्राच्या व्यवस्थापिका म्हणाल्या, "न्यूमोनिया होता. पहाटे झोपेतच... त्रास असा काही झाला नाही त्यांना." मी तपासणी पूर्ण केली, नोंद केली आणि मगच रजेचा अर्ज लिहिला. याला पाच आठवडे झाले. 'त्रास झाला नाही' या शब्दांपाशी मी अजून अडकलेली आहे.

आत्याचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेले. महाडजवळच्या नाते नावाच्या गावातल्या आमच्या घरात ती तळहातांवर भार टाकून सरकत असे, आणि तिचा वेग असा, की ओटीवर कोणी आले की आम्हा धडधाकटांच्या आधी ती दारात हजर. येणाऱ्याची फिरकी घेतल्याशिवाय त्याला पाणी मिळत नसे. पुढे आई-बाबा दादाकडे मुंबईला गेले, माझी औद्योगिक वसाहतीतली नोकरी पाळ्यांची, म्हणून आम्ही तिला महाडमधल्या एका निवासी केंद्रात नेले. तिथे तिला चाकांची खुर्ची मिळाली. ती खुर्चीतून फरशीवर उतरे आणि हातांवर सरकत व्हरांड्यात जाऊन बसे. एकदा उतरताना पडली, मनगट सुजले, आणि केंद्राने तिला खुर्चीला बांधून ठेवणाऱ्या कमरेच्या पट्ट्यासाठी नातेवाइकांचे संमतिपत्र मागितले. धोका ओळखायचा आणि त्याची वाटच बंद करायची, हे माझे शिक्षण. समोरचे बक्कल ती सोडवणार हे उघड होते, म्हणून सही करताना मी माझ्या अक्षरात एक वाक्य वाढवले : 'बक्कल खुर्चीच्या पाठीमागे असावे.' व्यवस्थापिकांनी माझे कौतुक केले, आणि मला ते आवडले. चौथीपर्यंत शिकलेली, स्वच्छ सही करणारी आत्या हातभर अंतरावर बसली होती. तो कागद तिच्यापुढे कोणीच धरला नाही.

"मी काय तुझ्या कंपनीतलं पिंप हाय गो?" ती म्हणाली. "कलंडलं की सांडंल म्हणून बांधतेस?"

"आत्या, तुझ्याच सुरक्षेसाठी आहे."

"मग माझा हात पोचंल असा बांध. पडले तर पडले... इतकी वर्सं माझी मीच उठत आले ना?"

मी हसले आणि पाळीची बस गाठली.

त्यानंतर ती फारसे बोलेनाशी झाली. एका भेटीत तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. आयुष्यभर जमिनीवर घासून टणक झालेले ते तळवे मऊ पडले होते. "बघ, साहेबाच्या बायकोचे हात झाले माझे." त्या दिवशी मी पट्टा काढण्याची मागणी केली. व्यवस्थापिका शांतपणे म्हणाल्या, "संमती तुमचीच आहे, मॅडम. काढल्यावर पडल्या तर जबाबदारी लेखी घ्याल?" विचार करून सांगते, असे मी म्हणाले. विचाराला मी तीन आठवडे घेतले... चौथ्यात ती तापाने फणफणली. दिवसभर एका जागी जखडलेल्या शरीरातल्या फुप्फुसांचे काय होते, हे मला ठाऊक आहे. कारण आणि परिणाम यांमध्ये रेघ ओढण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. स्वतःला निर्दोष ठरवण्याइतकाही नाही.

गेल्या आठवड्यात तिचे कपडे आणायला केंद्रात गेले. तिच्या कोपऱ्यात, तिच्याच खुर्चीत, पोलादपूरकडच्या एका वाडीतल्या बाई बसल्या होत्या. बक्कल मागे होते. टेबलावर कोऱ्या संमतिपत्रांचा गठ्ठा होता, आणि माझे वाक्य आता त्यांत छापलेले होते. यांना विचारले का, असे मी म्हणाले. "त्यांच्या मुलाने सही केली आहे," व्यवस्थापिका म्हणाल्या.

मी खुर्चीमागे वाकले आणि बक्कल सोडले. बाईंनी कमरेवर हात फिरवून पाहिला, आणि मागे वळून त्या म्हणाल्या, "आज सोडलंस. उद्या कोण सोडंल गो?"