मोर बघायला विमा

दौंडला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथं एक गृहस्थ महिन्याआड येतात. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत, रोज ॲसिडच्या टाक्यांजवळ ड्यूटी. पण घरचे फिरायला निघाले, की प्रवास विमा काढल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. परवा तर मोराच्या चिंचोलीसाठी आले.

"अहो, सकाळी जाऊन संध्याकाळी येणार तुम्ही," मी म्हणालो. "कंपनीत भ्या वाटत न्हाई, आन् मोर बघायला विमा?"

"कंपनीत भोंगा हाय. वाजला की कुठं पळायचं ते ठाव हाय. तिकडं काय झालं तर सांगायचं कुणाला?"

प्रिंट हातात पडताच त्यांनी तिच्यावरचा मदतीचा नंबर लावला. "काय झालं न्हाई, मॅडम. तुम्ही उचलता का, ते बघितलं." मग कागदाची घडी खिशात घालून निवांत चहा प्यायले.

माणूस भित्रा की शहाणा, मला ठरवता येईना.

रविवारी बायकोला घेऊन शिरूरला निघालो. दौंड सुटताच गाडी बाजूला घेतली आणि पुण्यातल्या मुलाला फोन लावला. पूर्ण रिंग वाजली. त्यानं उचलला नाही.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

काहीच झालं नव्हतं. तरी मला गाडी सुरू करवेना.