साबुदाण्याचं कुंपण

सिल्वासात कारखाने करसवलतीसाठी आले हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाषणांत मात्र ते आदिवासींच्या उद्धारासाठी आलेले असत. खडोलीचा आमचा कारखानाही असाच उद्धार करायला आला होता. नट-बोल्टांवर जस्ताचा मुलामा चढवणं हे आमचं राष्ट्रकार्य. मुलाम्याच्या टाकीला सायनाइड लागे, आणि त्याआधी गंज काढायला ॲसिड. ही दोन एकत्र आली की जो वायू सुटतो, त्याबद्दल माणूस फार वेळ तक्रार करत नाही. म्हणून सायनाइडचे ड्रम मागच्या गोदामात कुलपात असत आणि ॲसिडचे निळे कॅन फाटकाजवळच्या शेडमध्ये. मी तिथे केमिस्ट होतो. नाशिकहून आलेला, डोकमर्डीत भाड्याने राहणारा.

एका वर्षी मुंबईहून शेठ येणार असं कळलं आणि मॅनेजरसाहेबांना कॉन्फरन्स रूमची उणीव जाणवू लागली. कॉन्फरन्स म्हणजे साहेबांनी बोलायचं आणि आम्ही ऐकायचं. ती उभ्याउभ्याही उत्तम होत असे. तरीही फाटकाजवळच्या शेडला पडदे लागले, गालिचा आला, आणि ॲसिडचे कॅन मागच्या गोदामात सायनाइडच्या शेजारी गेले.

"घातक माल एका ठिकाणी, एका कुलपात," साहेब म्हणाले. "याला म्हणतात सिस्टिम."

त्या सिस्टिममध्ये आमच्या स्टोअरकीपरचं टेबल होतं. धुळ्याकडचा माणूस, दिवसभर तिथेच बसून माल द्यायचा. एका कॅनच्या झाकणातून ॲसिड झिरपत होतं. त्याने खाली प्लास्टिकचं घमेलं लावलं होतं आणि डबा खायला तो आता झाडाखाली जाऊ लागला होता.

"भो, हे ड्रमापर्यंत गेलं तर?"

"तर दाराकडे पळायचं."

"दार तर ॲसिडच्या पलीकडे हाये."

मी साहेबांना सांगून पाहिलं. मी नकारात्मक विचार करतो, असं मला कळलं. तेव्हा मी त्यांच्याच आवडीच्या वस्तूची मदत घ्यायचं ठरवलं.

साहेबांनी वापीच्या नर्सरीतून 'फॉरेनचं क्रोटन' आणून ऑफिसपुढे कुंपण केलं होतं. पिवळ्या पट्ट्यांची ऐटबाज पानं. ते क्रोटन नव्हतं. ज्याच्या कंदाचा साबुदाणा करतात, त्याच झाडाची ती नटवी जात. या पानातही सायनाइड असतं, पण साखरेला बांधून पेशीतल्या कोठीत ठेवलेलं, म्हणून निरुपद्रवी. ते सोडवणारं एन्झाइम वेगळं, पेशीच्या भिंतीत. पान धड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. कुणी ते चावलं की पेशी फुटतात, दोघं भेटतात आणि खाणाऱ्याच्या तोंडातच विषारी वायू सुटतो. हा माल दोन खोल्यांत ठेवावा एवढं त्या पानाला कळत होतं, तेही मॅनेजमेंटचा डिप्लोमा न करता.

मी साहेबांच्या टेबलावर दोन काचनळ्या ठेवल्या. एकीत अख्खं पान, दुसरीत कुटलेलं पान आणि थोडं पाणी. दोन्हींच्या बुचांना पिक्रिक ॲसिड आणि सोड्यात भिजवून वाळवलेली पिवळी कागदी पट्टी लटकवली. सायनाइडचा वायू लागला की ती लाल होते. साहेबांचा चहा आणि स्वतःविषयीचं बोलणं संपेपर्यंत कुटलेल्या पानावरची पट्टी विटकरी झाली. दुसरी पिवळीच राहिली.

"साहेब, वेगळं ठेवलं तोवर काही नाही. एकत्र आलं की हे. आपण गोदामात—"

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "हे माझ्या ऑफिसपुढे आहे?"

"हो, पण ते कॅन—"

"मिसेस फुलदाणीला हीच पानं नेते! आणि मी दर गुरुवारी साबुदाण्याची खिचडी खातो!"

"साबुदाणा धुऊन, भाजून येतो, साहेब. त्यात काही उरत नाही. कॅनचं—"

"कॅनचं नंतर बघू हो. शेठ येतायत आणि दारात सायनाइड? उद्याच्या उद्या हे सगळं उपटा."

दुसऱ्या दिवशी कुंपण उपटलं गेलं. मी म्हटलं, खड्डा करून पुरू या. साहेबांना ते फारच गबाळं वाटलं. विष उघड्यावर टाकायचं? विषाची जागा ठरलेली होती आणि तिला कुलूपही होतं. उभं असताना बारीक दिसणारं कुंपण उपटल्यावर किती होतं, हे तेव्हा पाहिलं. हातगाड्यांमागून हातगाड्या गेल्या. संध्याकाळी गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती आणि बाहेर ढीग अजून शिल्लक होता.

स्टोअरकीपर सरळ चेहऱ्याने साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, दोन्ही मावत नाही. झाडं ठेवू का ॲसिड?"

साहेबांनी डोळे मिटून विचार केला. "ॲसिड काय, रोजचंच आहे. ते काढा बाहेर. आवाराच्या पलीकडच्या भिंतीला पत्रे टाकून ठेवा. झाडांना मात्र नीट कुलूप!"

मी तोंड उघडणार होतो. स्टोअरकीपरने माझ्या पायावर पाय ठेवला.

कॅन अंधार पडायच्या आत पलीकडे गेले. चुरगळलेल्या पानांचा वायू कोंडू नये म्हणून मी गोदामाच्या वरच्या खिडक्या तेवढ्या उघड्या ठेवायला लावल्या. टेबलही आत मावेना, म्हणून ते व्हरांड्यात आलं. शेठ आले, गालिच्यावरून चालले आणि कारखाना किती शिस्तीचा आहे ते साहेबांकडून ऐकून गेले.

त्या दुपारी स्टोअरकीपर टेबलाशी बसून माझी वाट पाहत होता. पुढ्यात डबा होता, झाकण लावलेला.

"भो, इथं जेवू ना आता?"

"जेव."

त्याने झाकण काढलं आणि भाकरीचा एक तुकडा आधी माझ्या हातावर ठेवला.