आमच्या क्लबची लाल झेंडी

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. पंधरा वर्षं मी एका परदेशी फुटबॉल टीमचा वेडा होतो. त्या टीममधल्या एकाही माणसानं वर्धा हे नाव ऐकलं नसेल, पण ती हरली की दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या ऑफिसात कोणाशी धड बोलत नसे. बायको विचारायची, "तिकडचं कोणी गेलं का?" माझ्याकडे त्या टीमची निळी जर्सी होती. पोटावर जरा तंग बसायची, तरी मी ती घालून टीव्हीसमोर बसायचो आणि खेळाडूंना मराठीत सूचना द्यायचो.

याच पंधरा वर्षांत माझ्या घरापासून सायकलनं सात मिनिटांवर, सिंदी मेघेच्या मैदानावर, आमचा स्वतःचा क्लब खेळत होता. आणि मी त्या क्लबचा लाइन्समन होतो. दोन घरं असलेल्या माणसासारखं माझं चाललं होतं, आणि अशा माणसासारखाच मी दोन्हीकडे थोडा थोडा खोटा होतो.

आमच्या मैदानाला एका बाजूनं उतार आहे. त्यामुळे टॉस जिंकणारा कॅप्टन वारा बघत नाही, उतार बघतो. एका गोलला जाळी आहे, दुसऱ्याला नाही. त्या बाजूला गोल झाला की बॉल आणायला पार नाल्यापर्यंत जावं लागतं आणि गोल खाणाऱ्याला तेवढा वेळ विचार करायला मिळतो. आमचा स्ट्रायकर घरोघरी पंखे आणि मोटारी दुरुस्त करतो. गोलकीपर चव्वेचाळीस वर्षांचा आहे. पवनारला धाम नदीच्या काठाशी त्याचं वावर आहे. मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात ते, असा भाजीपाला तो पिकवतो. पहाटे बाजार करून येतो आणि दुपारी गोलमध्ये उभा राहतो. त्याच्या हातांना मेथीचा वास असतो. दुसऱ्या हाफपर्यंत बॉललाही तोच वास लागतो.

मैदानावर सगळे मला बाबू म्हणतात, कारण मी कारकून आहे. गोलकीपरला मी भाऊ म्हणतो. माझी लाल झेंडी त्याच्या बायकोनं शिवलेली आहे.

आमच्या भागातल्या स्पर्धांमध्ये रेफरी बाहेरचा असतो, पण दोन्ही क्लब आपापला एक लाइन्समन देतात. त्याच्या इमानदारीसाठी एक जुनी रीत आहे. मॅच संपेपर्यंत लाइन्समननं आपल्या टीमशी बोलायचं नाही आणि पाणी प्यायचं ते समोरच्या टीमच्या माठातलं. ज्याचं पाणी प्यालो त्याला फसवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी ही रीत इतकी मनापासून पाळायचो की आमच्याच विरुद्ध एका मॅचमध्ये तीन-तीन वेळा ऑफसाइडची झेंडी वर केलेली आहे. स्ट्रायकर मला मॅचनंतर म्हणायचा, "बाबू, तुमी नेमके कोणाचे हाय?" मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

आता दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा क्लब सेमीफायनलला पोचला होता. रविवार, दुपारी चारची मॅच, आमच्याच मैदानावर. त्याच रविवारी, जवळपास त्याच वेळी, माझ्या निळ्या टीमची मॅच टीव्हीवर होती आणि ती जिंकली तर विजेतेपद तिचं होणार होतं. मी अडीच वाजता भाऊला फोन केला. आवाज घोगरा काढला. "भाऊ, ताप आहे. एकशे दोन." एकशे दोन हा आकडा मी का निवडला ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित एकशे एक थोडा कमी वाटला असावा.

पडदे ओढले, जर्सी घातली. निळी टीम जिंकली. मी सोफ्यावर उभा राहून नाचलो. सिंदी मेघेच्या मैदानावर माझी झेंडी स्ट्रायकरच्या काकांकडे गेली होती. काका मॅच बघण्यात इतके रंगले की झेंडी शेवटपर्यंत त्यांच्या काखेतच राहिली. समोरच्या टीमचा एक माणूस आमच्या भाऊच्या शेजारी गप्पा मारत उभा असल्यासारखा उभा होता. त्यानं गोल केला. उघड ऑफसाइड. आम्ही एक शून्यनं हरलो. रात्री स्ट्रायकरनं फोनवर हे सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार आटोपून भाऊ माझ्या दारात. हातात मेथीच्या दोन जुड्या आणि सात लिंबं. मी अजून अंथरुणात होतो आणि अंगात तीच जर्सी होती, कारण आनंदाच्या भरात मी ती काढलीच नव्हती. पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला.

"उतरला वाटते," तो म्हणाला. "तापानं तोंड बेचव होते, बाबू. मेथीनं चव येईन."

"मॅच कशी झाली?" मी विचारलं, जणू मला माहीत नव्हतं.

"झेंडी तुमच्या हातात असती तं गोष्ट दुसरी होती," तो म्हणाला. "पण तब्येत पयले. झोपा तुमी."

ती मेथी मी दोन दिवस खाल्ली. बायकोनं एकही शब्द न बोलता वाढली, आणि तिचं न बोलणं मेथीपेक्षा कडू होतं. त्या आठवड्यात जर्सीचं स्कूटर पुसायचं फडकं झालं. निळी टीम मी सोडली ती कायमची. दोन वर्षांत आमच्या क्लबची एकही मॅच चुकवली नाही. पण भाऊला खरं काही सांगितलं नाही. दर मॅचला तो झेंडी माझ्या हातात देताना म्हणायचा, "घ्या, तुमच्याइतकी साफ झेंडी कोणाचीच नाई," आणि मी मान खाली घालून घ्यायचो.

एक मात्र खरं. टीव्ही सुटला आणि मला आनंद म्हणजे काय ते नव्यानं कळलं. मोठ्या टीमचा गोल माझ्यापर्यंत आकाशातून फिरून यायचा. आमचा गोल मातीसकट यायचा, दातात कचकच करायचा. मी एकावन्न वर्षांचा माणूस शनिवारी संध्याकाळी बूट पुसत गुणगुणायला लागलो. बायको म्हणाली, "लग्नाच्या आधी असे नव्हते तुम्ही."

आणि या थंडीत आम्ही फायनलला पोचलो. मॅच आर्वीला, आर्वीच्याच टीमशी. भाजीच्या टेम्पोत जाळ्या, बॉल, माणसं सगळं भरलं. टेम्पोचा हॉर्न वाजवत आम्ही असे निघालो की रस्त्यातल्या लोकांना वरात वाटली आणि एकानं नवरदेव कुठाय म्हणून विचारलंही. आम्ही भाऊकडे बोट दाखवलं.

पहिल्या हाफमध्ये मी आर्वीच्या माठातलं पाणी तीनदा प्यालो. फार गार आणि गोड पाणी होतं. गोल कोणाचाच झाला नाही. दुसऱ्या हाफमध्ये टीमनी बाजू बदलल्या आणि आमचा हल्ला माझ्यासमोर येऊ लागला. पाच मिनिटं राहिली होती. भाऊनं लांब किक मारली. बॉल वाऱ्यावर तरंगत आला आणि आमचा स्ट्रायकर आर्वीच्या सगळ्या बचावाच्या पलीकडे एकटा धावत सुटला. सगळ्या म्हणजे एक सोडून सगळ्या. त्यांचा एक डिफेंडर मागे पार गोलजवळ एका गुडघ्यावर बसून बुटाची लेस बांधत होता. मी लाइनवरून त्याला बघितलं, स्ट्रायकरला बघितलं. गोलकीपरशिवाय त्यांचा आणखी एक माणूस स्ट्रायकरच्या पुढे होता, म्हणजे ऑफसाइडचा प्रश्नच नव्हता. बॉल जाळीत गेला.

मी ओरडलो नाही. रीत पाळली. पण माझा उजवा हात आनंदानं सरळ आकाशात गेला, आणि त्या हातात लाल झेंडी होती.

रेफरी निवृत्त पीटी शिक्षक होते. त्यांनी सवयीनं माझ्याकडे बघितलं, झेंडी बघितली आणि शिट्टी फुंकली. ऑफसाइड. गोल रद्द.

स्ट्रायकर दोन्ही हात पसरून नाचत होता, तो तसाच थांबला. आर्वीच्या गोलकीपरनं फ्री किकसाठी बॉल ठेवला. तो किक मारायच्या आत मी मैदानात धावत गेलो.

"सर, थांबा. ऑफसाइड नव्हता."

"तुम्हीच झेंडी वर केली."

"केली, सर."

"मग?"

"ती खुशीत गेली."

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. तोपर्यंत आर्वीचे कोच आले, खांद्यावर टॉवेल टाकलेला जाडजूड माणूस. "खुशीत? आमच्या माठातलं पाणी पिऊन हा खुश होऊन राह्यला?"

लोक हसले. मी म्हणालो, "तुमचा भिडू गोलजवळ लेस बांधत होता. त्याच्यामुळं ऑनसाइड होता आमचा."

"सांगते कोण? तुमीच ना? आता झेंडी वर, आता खाली. तुमच्यावर भरोसा कायले करायचा?"

एवढ्यात भाऊ पार दुसऱ्या टोकाच्या गोलमधून धावत आला. धापा टाकत त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, हा माणूस खोटं बोलत नाई. सतरा वर्षं झाले पाहून राह्यलो. माही गॅरंटी घ्या."

गप्प राहिलो असतो तर कदाचित गोलही मिळाला असता. पण ती गॅरंटी माझ्यानं घेववली नाही.

"भाऊ, गॅरंटी नका देऊ," मी म्हणालो. "मी तुमच्याशी खोटं बोललो आहे. मले ताप नव्हता."

"ताप कोणाला आहे?" रेफरी सर म्हणाले.

"कोणता ताप?" भाऊ म्हणाला.

"सेमीफायनलचा. दोन वर्षं झाली. एकशे दोन."

भाऊचा हात खांद्यावरून निघाला. "मंग कुठं गेलते तुमी?"

"घरीच होतो. टीव्हीवर मॅच पाहत होतो."

"कोणाची?"

मी निळ्या टीमचं नाव सांगितलं. आर्वीच्या मैदानावर, भर दुपारी, ते नाव मला स्वतःलाच विचित्र वाटलं. भाऊनं शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. मग म्हणाला, "अन् माही मेथी?"

"खाल्ली."

"लिंबं?"

"लोणचं घातलं."

आता आर्वीचे लोक पोट धरून हसत होते. कोचनी टॉवेलनं डोळे पुसले आणि आपल्या डिफेंडरकडे वळले. "काऊन बे, तू तिथं लेस बांधून राह्यलता का?"

डिफेंडरनं खाली बघितलं. आम्हीही बघितलं. लेस अजून सुटलेलीच होती. "हो, दादा," तो म्हणाला.

"द्या, सर," कोच म्हणाले. "गोल हाय त्यायचा. अन् हा माणूस घेऊन जा इथून, आमचे पोट्टे हसून हसून खेळाचे नाई."

सरांनी गोल दिला. मग माझ्यासमोर हात पुढे केला. मी झेंडी दिली. "उरलेली पाच मिनिटं तुम्ही प्रेक्षक," ते म्हणाले आणि ती आमच्या एका राखीव खेळाडूकडे दिली.

सतरा वर्षांत पहिल्यांदा मी आमच्या क्लबची मॅच रिकाम्या हातानं बघत होतो. काय सांगू. मी ओरडलो, शिट्ट्या वाजवल्या, अनोळखी माणसाच्या पाठीवर थापा मारल्या. तो आर्वीचा निघाला आणि तोही हसत होता. शेवटच्या मिनिटाला आर्वीचा जोरदार शॉट आला, तो भाऊनं तोंडावर अडवला. आम्ही जिंकलो. मी मैदानभर धावलो, कोणाकडे धावत होतो ते माहीत नव्हतं. भाऊसमोर आलो तेव्हा मात्र पाय थांबले. नाक सुजलं होतं त्याचं. त्यानं राखीव खेळाडूकडून झेंडी घेतली, गुंडाळली आणि आपल्या पिशवीत टाकली.

टेम्पोत तो ड्रायव्हरशेजारी बसला, मी मागे जाळ्यांवर. शील्ड हातोहात फिरत होती आणि पोरं गात होती. माझ्या मांडीवर शील्ड आली तेव्हा पुढून त्याचा आवाज आला, मागे न बघता.

"उद्या सकाळी साडेपाचले वावरात येजो."

गेलो. पवनारला धुकं होतं, मेथी दवानं ओली. भाऊनं मला वाफ्यात बसवलं. मी मेथी उपटायची, मुळं धुवायची, जुडी बांधायची. माझ्या जुड्या उचलल्या की सुटत होत्या. भाऊ एकेक उचलून झटकायचा आणि परत माझ्यापुढे टाकायचा.

"तापात दोन आणून देल्त्या," तो म्हणाला. "तू आज पुरा बाजार बांध."

मी बांधत राहिलो. बोटं गारठली, कंबर धरली, आणि मनातून मी इतका हलका झालो होतो की मला मध्येच हसू फुटलं. त्यानं येऊन माझ्या कपाळावर चिखलाचा हात ठेवला.

"आता हाय का?"

"नाही, भाऊ."

"पाहून घेतलेलं बरं," तो म्हणाला.

उजेड झाला तेव्हा मला ती दिसली. पलीकडच्या नव्यानं पेरलेल्या वाफ्यात मधोमध आमची लाल झेंडी रोवलेली होती आणि वाऱ्यानं हलत होती. मी तिकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"पाखरं बियाणं खातेत," तो म्हणाला. हातातली माझी जुडी त्यानं पुन्हा झटकली. या वेळी ती सुटली नाही. त्यानं ती टोपलीत टाकली. "रविवारी येता येता काढून आणजो. तीनची मॅच हाय."